बरडावरचा लांडगा

बरड तांड्याच्या भावसिंगला देवाने उंची दिली नाही, जमीन दिली ती निम्मी खडकाची, आणि रूप वाटायच्या वेळी हा गडी बहुतेक रांगेत झोपला असावा. ही सगळी कसर त्याच्या गळ्याने भरून काढली. तांड्यावरून हाक मारून कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यातल्या माणसाला हातातला चहा तसाच टाकून उठायला लावणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. अशा ख्यातीत थोडं पाणी असतंच. ते काढून टाकलं तरी गळा मोठा होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

या गळ्यावर त्याचं घर चालायचं. हरभऱ्याला घाटे धरले की शेतांत रोही उतरत. रोही म्हणजे घोड्याएवढं थोराड जनावर. कुळ हरणाचं, पण हरणाची नजाकत काही वाट्याला आलेली नाही. कळप एकदा शिरला की सकाळी शेतकऱ्याला स्वतःचंच शेत ओळखू येत नाही. लोकांनी बुजगावणी उभी केली, बांधाला जुनी लुगडी गुंडाळली, फटाके वाजवले. रोही चार दिवस बुजायचे आणि पाचव्या दिवशी बुजगावण्याला अंग घासत उभे राहायचे. भावसिंगच्या आरोळीला मात्र ते कधी सरावले नाहीत. "हाऽऽ"ने सुरू होऊन "ऊऽऽऽ" करत लांबत जाणारी ती आरोळी उठली की अख्खा कळप पीक सोडून जो उधळायचा तो थेट बरडावर जाऊन थांबायचा. म्हणून मोसमात आजूबाजूच्या गावांतले शेतकरी त्याला राखणीला बोलवत आणि खळं झालं की मापाने दाणे देत.

बरड म्हणजे तांड्यामागचा माळ. मुरूम, गुडघाभर गवत, बोरी, हिवर, आणि मधोमध पावसाचं पाणी साठून राहणारा एक खोलगट पाणवठा. तिथे कुणाचं पीक नव्हतं, म्हणून तिथून रोह्यांना कुणी हाकलत नव्हतं. त्याच गवतात भावसिंगच्या तीन गायी दिवसभर चरत. धोळी, रातडी आणि चांदी. तांड्याच्या बोलीत धोळी म्हणजे पांढरी आणि रातडी म्हणजे तांबडी. भावसिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडलेले. त्या शेकडो बैलांच्या तांड्यातून वाटण्या होत होत याच्यापर्यंत या तीन गायी पोचल्या होत्या, असं तो कुणालाही सांगायचा. दिवस मावळायला आला की बांधावर उभा राहून तो "येऊऽऽ, धोळीऽऽ, येऊऽऽ" अशी हाक घालायचा आणि तिघी घंटा वाजवत चढण चढून यायच्या. एकाच गळ्याची ही दोन कामं होती. रोह्यांना जा म्हणायचं आणि गायींना ये म्हणायचं.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना सरकारला बरडाची आठवण झाली.

तिथे मोठमोठी गोदामं आणि ट्रक उभे करायचं मैदान होणार, अशी बातमी तांड्याचे नाईक वसराम घेऊन आले. कागदावर म्हणे बरडाला 'पडीक व निरुपयोगी' म्हटलं होतं. माळाचं गवत पाऊस धरून ठेवतं आणि त्याच पाझरावर तांड्याची विहीर वैशाखात तग धरते, हे तांड्यात शेंबड्या पोरालाही माहीत. पण कागद करणाऱ्याने विहिरीचं पाणी प्यालेलं नव्हतं. भावसिंगला पहिल्यांदा विहीर आठवली नाही, गायी आठवल्या. बरड गेलं तर त्या चरणार कुठे? त्याच्या खडकात कडब्याचीही मारामार. त्या दिवशी तो जेवायला बसला आणि तसाच ताटावरून उठला.

वनखात्याचा गार्ड रत्नपाल हा कुरुंद्याचा तरणा, भला माणूस. बरडावर त्याचाही जीव होता. वसराम नाईक आणि भावसिंग त्याच्याकडे गेले.

"एकच रस्ता हाय," रत्नपाल म्हणाला. "बरडावर जंगली जनावर राहतं हे दाखवायचं. मोठे साहेब पाहणीला आले आन् त्यांच्या डोळ्यानं जनावर पाह्यलं, तर ते जागा वाचवतील. माणूस चांगला हाय."

नाईक भडकले. "आमी सालोसाल बोंबलून राहिलो का रोही पिकं खाऊन राहिले, भरपाई द्या. तवा तुमचंच हापिस म्हणलं, तुमच्या भागात रोहीच न्हाईत!"

"तवा नव्हते, नाईक," रत्नपाल खाली मान घालून म्हणाला. "आता पाहिजेत."

ज्या रोह्यांना पिढ्यानपिढ्या शिव्या घातल्या, त्यांचं तोंड बघायला आता सगळा तांडा आतुर झाला. भावसिंग तर रोज संध्याकाळी रत्नपालबरोबर पाणवठ्याजवळ हिवराच्या आडोशाला जाऊन बसू लागला. पण रोही फिरकायला तयार नाहीत. टिटव्या यायच्या, एक मुंगूस यायचं, आणि पलीकडच्या टेकाडावर रोह्यांचे कान दिसायचे. कानांच्या पुढे रोही काही येत नव्हता.

"येतील कशे?" भावसिंगची बायको नानीबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "साऱ्या जिंदगीत तुमी त्यांच्याशी येक शब्द गोड बोललात का? तुमचा वास आला तरी पळत्यात ते. पाह्यणीच्या दिवशी तुमी तिथं राहूच नका."

म्हणणं बरोबर होतं आणि म्हणूनच झोंबलं. तांड्याने ठरवलं की साहेब येतील त्या संध्याकाळी भावसिंगने टेकाडापल्याड आपल्या शेतात जाऊन बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. नाईकांनी त्याला मरियामायची शपथ घातली. सबंध तांड्यात एकाच माणसाला गप्प बसायचं काम मिळालं, आणि ते नेमकं त्यालाच.

पाहणीच्या दिवशी भावसिंग उन्हं कलायच्या आधीच शेतात गेला. साहेब, त्यांच्याबरोबरची माणसं आणि रत्नपाल हिवराच्या आडोशाला बसले. भावसिंगने तोंडाला रुमाल बांधला आणि बांधावर पाठ टेकून तो डोळे मिटून बसला. काही वेळाने कर्रकर्र आवाज आला म्हणून त्याने डोळे उघडले. रोह्यांचा अख्खा कळप त्याच्याच हरभऱ्यात उभा होता.

पुढे निळसर काळ्या अंगाचा मोठा नर होता. त्याने भावसिंगकडे पाहिलं, तोंडाला बांधलेला रुमाल पाहिला, आणि निवांतपणे दुसरं झाड ओढलं. भावसिंगने रुमाल दातांत धरला. मरियामायचं नाव घेतलं. बरड आठवलं, धोळी आठवली. नराने आणखी एक झाड मुळासकट उपटलं. हा हरभरा त्याने खांद्यावर पाणी वाहून जगवला होता. आता माणसाने किती सोसायचं? रुमाल केव्हा सुटला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"हाऽऽऽ ऊऽऽऽऽऽ!"

कळप उधळला. टेकाडावर धुरळा उठला आणि सगळं शांत झालं. मग भावसिंगला आपण काय केलं ते समजलं. एका आरोळीत त्याने बरड घालवलं होतं, विहीर घालवली होती, गायींचा चारा घालवला होता. तो बांधावर बसला आणि लहान लेकरासारखा रडला. घरी जायची हिंमत होईना. नानीबाईला काय तोंड दाखवणार?

अंधार पडायच्या आत रत्नपालची मोटरसायकल बांधावर येऊन थांबली. भावसिंग उठून हात जोडून उभा राहिला.

"मारा मला, गार्डसायेब. वरडलो म्या."

"आयकलं आमी," रत्नपाल म्हणाला. तो हसतोय की रडतोय, ते भावसिंगला उमजेना. "काका, समदे रोही पळत आले ना पाणवठ्यावर! साहेबांच्या म्होरं येऊन उभे. दुसरीकडं जातील तरी कुठं? तुमी वरडलात का बरडावर जायचं, येवढंच तर त्यांला ठाऊक."

भावसिंगचे जोडलेले हात तसेच राहिले.

"पण घोटाळा झाला," रत्नपाल पुढे म्हणाला. "साहेबांनी तुमची आरोळी आयकली. म्हणले, हा आवाज कशाचा? मला काही सुचंना. माणूस म्हणलो तर म्हणले असते, जनावरं हाकून आणून राहिले. तोंडात आलं ते बोललो."

"काय बोललात?"

"लांडगा."

भावसिंगने आधी डोळे पुसले. "म्या लांडगा?"

"कागदोपत्री," रत्नपाल म्हणाला. "आन् काका, साहेबांच्या डोळ्यात पाणी आलं. सारी नोकरी माळावर गेली म्हणे, पण लांडग्याची हाक कवा कानावर पडली न्हवती. रोही बाजूलाच राहिले. त्यांनी लांडगाच लिवून घेतला."

साहेब खरोखरच चांगला माणूस निघाला. आपण ऐकलेल्या आवाजासाठी तो वरपर्यंत भांडला. गोदामं दुसरीकडे गेली आणि बरड संरक्षित झालं. बातमी आली त्या दिवशी तांड्यात हलगी वाजली, बाया फेर धरून नाचल्या, आणि भावसिंगला कुणीतरी खांद्यावर घेतलं. जी शपथ मोडल्याबद्दल एरवी त्याला वाळीत टाकलं असतं, ती मोडल्याबद्दलच नाईकांनी त्याला फेटा बांधला. लांडग्याची भानगड फक्त रत्नपाल, नाईक आणि नवराबायकोला ठाऊक होती. चौघांनी ती पोटात ठेवली.

मग बरडाच्या तोंडाशी फलक लागला. फलकावर लांडग्याचं चित्र होतं, मान वर करून हाक देणारं. भावसिंगचा मुलगा देविदास हिंगोलीला मोबाईलच्या दुकानात कामाला. तो सुट्टीला घरी आलेला होता. त्याने बापाला फलक वाचून दाखवला.

"कुऱ्हाडबंदी. म्हंजे झाडं तोडायची न्हाईत."

"बराबर हाय."

"चराईबंदी. म्हंजे गुरं आणायची न्हाईत."

भावसिंगने आत गवतात चरणाऱ्या धोळीकडे पाहिलं.

"आन् शेवटी लिवलंय, बरडावर आन् आजूबाजूच्या शेतांत मोठ्यानं वरडायचं न्हाई. लांडगा बुजतो."

"कोण बुजतो?"

"लांडगा, बा."

भावसिंगने चित्रातल्या लांडग्याकडे निरखून पाहिलं. सबंध आयुष्यात त्याला कुणी एवढं जपलं नव्हतं. त्याला दचकवू नये म्हणून सरकारने त्याचंच तोंड बंद केलं होतं.

घरी आल्यावर नानीबाईने वेगळीच शंका काढली. रत्नपाल रोह्यांना नीलगाय म्हणायचा, ते तिच्या डोक्यात होतं. "सरकारच्या गायीला चालतं आन् आपल्या गायीला चालत न्हाई, काहून? त्यांच्या गायीनं कवा पेलाभर दूध दिलं का कुणाला?" या प्रश्नाचं उत्तर वनखात्याच्या कुठल्याच कागदात नव्हतं.  रत्नपाल बिचारा आला तो नवीनच वार्ता घेऊन. साहेबांनी भावसिंगला बरडाचा राखणदार नेमलं होतं. प्राण्यांची जाण असलेला स्थानिक माणूस म्हणून रत्नपालनेच नाव सुचवलेलं. पाठीवर लांडगा छापलेलं खाकी जाकीट मिळालं. काम सोपं होतं. बरडावर गुरं येऊ द्यायची नाहीत आणि कुणाला ओरडू द्यायचं नाही.

राखणीच्या पहिल्या सकाळी बरडात शिरलेली पहिली गुरं त्याची स्वतःचीच होती. दावं सोडल्याबरोबर तिघी सवयीने निघाल्या आणि फलकाच्या बाजूने आत गेल्या. भावसिंग मागून धावला. हाक मारायची सोय नव्हती. त्याने धोळीच्या गळ्यात हात घालून तिला मागे रेटलं. तिला वाटलं, धनी लाडात आलाय. तिने त्याचा खांदा चाटला, खाकी जाकीट चाटलं आणि पुन्हा गवताकडे तोंड केलं. दोन-चार दिवस हीच झोंबाझोंबी झाली. मग नानीबाईने कडबा संपल्याचं सांगितलं. पैनगंगेच्या पल्याड त्यांची लेक दिली होती, तिच्या सासरी नदीकाठचा चारा होता. देविदास टेम्पो घेऊन आला आणि तिन्ही गायी तिकडे गेल्या. टेम्पोत चढताना रातडी अडून बसली होती. भावसिंगने जाकीट काढून ठेवलं, तेव्हा कुठे ती त्याच्या हाताने चढली.

वर्ष सरत आलं. बरडावर गवत कमरेला लागलं, पाणवठ्यावर कधी न पाहिलेले पक्षी उतरले, वैशाखात तांड्याच्या विहिरीचा तळ दिसला नाही. "पानी हाय औंदा. चांगल्याला चांगलं म्हणा," असं नानीबाई सुनवायची, आणि भावसिंग चांगल्याला चांगलं म्हणायचा. ते चांगलं होतंच. रोही बेधडक शेतांत उतरू लागले होते आणि शेतकरी राखणीला बोलवायला येत, तेव्हा भावसिंग जाकिटाकडे बोट दाखवायचा. आता भरपाईचे अर्ज घेतले जात होते, कारण रोही सरकारदरबारी जन्माला आले होते. भरपाई मिळायची की नाही, हा निराळा विषय. संध्याकाळ झाली की मात्र भावसिंगची पंचाईत व्हायची. पाय सवयीने बांधावर जायचे, छाती सवयीने भरून यायची, आणि मग भरलेलं सगळं तसंच गिळून तो घरी यायचा. नानीबाईने काही विचारलं तर मानेने उत्तर द्यायची त्याला सवय लागली.

आणि दिवाळीनंतर रत्नपाल तोंड पाडून दारात उभा राहिला.

"काका, उद्या साहेब येऊन राहिलेत. सालाची पाहणी हाय. लांडगा टिकला का न्हाई ते पाहणार. नसंल तर कागद परत फिरंल म्हणत्यात."

"लांडग्याचा घसा बसला म्हणून सांगा," भावसिंग म्हणाला आणि आत गेला.

नाईक येऊन बसले. त्यांनी तांड्याची शपथ घातली. भावसिंग म्हणाला, मागच्या साली न वरडायची शपथ घातली, औंदा वरडायची घालून राहिले, मरियामाय तरी कोणती धरंल? नाईक फेटा सावरत उठले. ते गेल्यावर नानीबाई उंबऱ्यात येऊन बसली.

"गायी गेल्या ते गेल्या," ती म्हणाली. "बरड गेलं म्हणून त्या परत येणार हायत का? ईहीर तरी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तो जाकीट घरी ठेवून टेकाडापल्याड गेला. शेत रिकामंच होतं. रोही पलीकडे बरडावर होते, हाकलायला समोर कुणी नव्हतं. त्याने छाती भरून घेतली आणि "हाऽऽ" म्हणायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. कुणावर ओरडायचं? राग कुणाचा करायचा? त्याने दोनदा खाकरून पाहिलं. सूर्य टेकाडाला टेकला होता, गायी घरी यायची वेळ झाली होती. आणि मग त्याच्या गळ्यातून, त्याला न विचारता, निराळंच काही बाहेर पडलं.

"येऊऽऽऽ! धोळीऽऽ! येऊऽऽऽऽ!"

लांबून शब्द झिजून जातात आणि नुसता सूर पोचतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने मनाजोगतं बोलून घेतलं. रातडीला हाक मारली, चांदीला मारली. पुन्हा धोळीला मारली. प्रत्येक हाकेनंतर चढण चढून यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबला आणि घंटेचा आवाज येतो का ते ऐकत राहिला. वर्षभराचं साठलेलं सगळं संपल्यावर तो घरी आला आणि न जेवता झोपला.

सकाळी रत्नपाल आला. मोटरसायकल लावली, ओट्यावर बसला आणि नानीबाईने दिलेला चहा हातात धरून बसून राहिला.

"झालं का काम?" भावसिंगने विचारलं. घसा खरोखरच बसला होता.

"झालं. बरड राहतंय. साहेब लई खूश होते, पण आयकताना गप झाले." रत्नपालने चहाकडे बघतच सांगितलं. "म्हणले, मागच्या टायमाला हाक येगळी होती. तवा त्याच्यात जोर होता. आता येकटा पडलाय म्हणले, आपल्या कळपाला हाका मारून राहिला."

नानीबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

"आन् काय म्हणले?"

"कळप लांब गेला असंल म्हणले. जागा अशीच जपली तर येईल परत."

भावसिंगने पैनगंगेच्या दिशेने पाहिलं. मग त्याने रत्नपालला हळूच विचारलं, "कवा येईल म्हणले?"